आउटपुट व्हॉल्वच्या ग्रिडपासून उलटे मोजत या: हौशी ॲम्प्लिफायरसाठी ड्रायव्हर व्हॉल्व निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही एखादा व्हॉल्वचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) रेडिओ निघतो. त्यातला ईएल८४, म्हणजे स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत असला की ॲम्प्लिफायर बांधायची खुमखुमी येतेच. चेसिसचा पत्रा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वाकवून मिळतो, पॉवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. मग घोडे अडते ते एकाच ठिकाणी: आउटपुट व्हॉल्वच्या आधी ड्रायव्हर म्हणून कोणता व्हॉल्व लावायचा? बहुतेक जण ईसीसी८३ उचलतात. याचेच अमेरिकन नाव १२एएक्स७. तो सगळीकडे दिसतो आणि त्याचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) मोठा, एवढेच कारण. काही सर्किटात तो छान चालतो, काहींत आवाज दबका आणि चिरका येतो, आणि दोष मात्र ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याच्या माथी जातो.

निवड उलट्या टोकाकडून करायची असते. आधी आउटपुट व्हॉल्वच्या ग्रिडची (सिग्नल घेणाऱ्या जाळीची) मागणी काय, मग आपल्याकडचा सिग्नल किती, आणि व्हॉल्वचे नाव सगळ्यात शेवटी.

आउटपुट व्हॉल्वची मागणी

सिंगल-एंडेड क्लास ए मध्ये (एकच आउटपुट व्हॉल्व, तोही सतत वाहता) हिशेब सोपा आहे. जेवढा ग्रिड-बायस (ग्रिडला दिलेले स्थिर उणे व्होल्टेज), साधारण तेवढे पीक व्होल्टेज ड्रायव्हरने द्यायचे. ईएल८४ प्लेटला २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअरवर चालवला तर बायस ७.३ व्होल्ट. २५० व्होल्टवरच ६व्ही६ ला १२.५ आणि ६एल६ ला १४ व्होल्ट; ईएल३४ चाही आकडा याच घरातला. इथपर्यंत काम हलके आहे. २ए३ घेतला की २५० व्होल्टला बायस ४५ वर जातो, आणि ३००बी ला ३५० व्होल्टवर ७४ व्होल्ट लागतात. ईएल३४ ची पुश-पुल (आलटून-पालटून ओढणारी) जोडी ४३० व्होल्टच्या आसपास फिक्स्ड बायसवर (वेगळ्या पुरवठ्यातून दिलेल्या बायसवर) असेल तर प्रत्येक ग्रिडला ३५ ते ४० व्होल्ट पीक धरा.

मल्टिमीटर आरएमएस दाखवतो, बायसशी तुलना पीकची करायची असते. म्हणून मीटरच्या आकड्याला १.४१ ने गुणा. हे विसरल्याने निम्मी गणिते चुकतात.

सीडी प्लेयर पूर्ण आवाजाला २ व्होल्ट आरएमएस देतो, म्हणजे २.८ पीक. मोबाईलच्या हेडफोन जॅकमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट आरएमएस येतो. सर्वांत वाईट बाजू धरून अर्ध्या व्होल्टवर मोजा, म्हणजे ०.७ पीक. ईएल८४ साठी ७.३ भागिले ०.७ म्हणजे गेन जेमतेम साडेदहा. ईसीसी८३ चे ५५ कशाला हवेत? निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला) द्यायचा असेल तर हवेत. १२ डेसिबल फीडबॅक म्हणजे गेन चौपट खर्च होतो, साडेदहाचे बेचाळीस होतात, आणि तिथे ईसीसी८३ ची जागा खरी ठरते. फीडबॅक नसेल तर ईसीसी८२ पुरेसा आहे.

जास्त गेन असला तर काय बिघडते, असे वाटू शकते. आवाजाचे बटण घड्याळातल्या आठ-नऊच्या काट्यापर्यंत नेले की खोली भरते, त्यापुढचा सगळा फेरा वाया. शिवाय साध्या दुहेरी पॉटचे (आवाजाच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टन्सचे) दोन भाग सुरुवातीच्या टोकाला एकसारखे नसतात, त्यामुळे हळू आवाजात गायक एका स्पीकरकडे सरकतो. हम आणि सूं-सूं हेही त्याच गेनने मोठे होतात.

व्होल्टनंतर करंट

हा भाग बहुतेक जण सोडून देतात. खरी गोम इथेच आहे.

आउटपुट व्हॉल्वचा ग्रिड हा ड्रायव्हरच्या दृष्टीने एक छोटा कंडेन्सर असतो. पेंटोडमध्ये (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व, जसा ईएल८४) तो लहान. ईएल८४ चा ग्रिड-प्लेट कपॅसिटन्स अर्ध्या पिकोफॅरडच्या आत असतो, त्यामुळे स्टेजच्या गेनने गुणले तरी वायरिंगसकट एकूण ४०-५० पिकोफॅरडच भरतो. ट्रायोडमध्ये (तीनच इलेक्ट्रोड: कॅथोड, ग्रिड, प्लेट) तसे नाही. ३००बी चा ग्रिड-प्लेट कपॅसिटन्स १५ पिकोफॅरडच्या घरात. स्टेजचा गेन तीन धरला तर तो (गेन अधिक एक म्हणजे) चौपट होऊन ६०, त्यात ग्रिड-फिलामेंट आणि वायरिंगचे मिळवून ८० धरा.

आता २० किलोहर्ट्झला या ८० पिकोफॅरडमध्ये ७४ व्होल्ट पीक उभे करायचे तर ०.७४ मिलिअँपिअर पीक करंट लागतो. त्याच वेळी १०० के (किलोओहम) चा प्लेट रेझिस्टन्स आणि पुढचा २२० के चा ग्रिड रेझिस्टन्स मिळून ६९ के होतात. त्यांत ७४ व्होल्ट म्हणजे आणखी १.१ मिलिअँपिअर. ईसीसी८३ चा स्वतःचा स्थिर (सिग्नल नसतानाचा) करंट मात्र एक मिलिअँपिअरच्या आसपास. नसलेले कुठून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स कागदावर ५० किलोहर्ट्झपर्यंत सपाट दिसतो, पण तो लहान सिग्नलचा. मोठ्या सिग्नलला व्हॉल्व एका बाजूला बंद पडतो आणि झांज फाटते.

म्हणून एक हातचा नियम: ग्रिडच्या कपॅसिटन्ससाठी लागणाऱ्या पीक करंटच्या किमान पाचपट ड्रायव्हरचा स्थिर करंट ठेवा. ३००बी ला म्हणजे चार मिलिअँपिअरच्या वर. विल्यमसनच्या १९४७ च्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रायोड-जोडणीतल्या केटी६६ च्या आधी एल६३ होते, म्हणजे ६जे५ च्या जातीचे मध्यम गेनचे ट्रायोड, ते उगीच नव्हे. उलट मलार्ड कंपनीच्या ५-२० या ॲम्प्लिफायरमध्ये ईएल३४ च्या आधी ईसीसी८३ आहे. तिथे एचटी (प्लेटचा उच्च व्होल्टेजचा पुरवठा) उंच, आउटपुट व्हॉल्व कॅथोड-बायसवर (बायस कॅथोडच्या रेझिस्टन्समधून) आणि ट्रायोडइतका कपॅसिटन्स नाही, म्हणून ते निभते. सर्किट जसेच्या तसे उचलले तर प्रश्न नाही. त्यातला एकच व्हॉल्व उचलून दुसरीकडे डकवला की प्रश्न सुरू होतात.

ग्रिड रेझिस्टन्सची मर्यादाही इथेच तपासा. ६व्ही६ आणि ६एल६ च्या डेटाशीटमध्ये कॅथोड-बायसला ०.५ मेग (मेगओहम) आणि फिक्स्ड बायसला फक्त ०.१ मेग दिलेला असतो. ईएल८४ ला हेच आकडे १ मेग आणि ३०० के. व्हॉल्वमध्ये उरलेल्या वायूमुळे ग्रिडमधून सूक्ष्म करंट वाहतो. रेझिस्टन्स मोठा असला तर तोच करंट ग्रिडला पॉझिटिव्हकडे ढकलतो, व्हॉल्व तापतो, वायू आणखी सुटतो, आणि प्लेट लाल होते. १०० के चा रेझिस्टन्स लावला की ड्रायव्हरवर ओझे वाढते, म्हणून फिक्स्ड बायसच्या सर्किटात कमी आंतररोधाचा ड्रायव्हर घ्यावा.

कोणता व्हॉल्व कुठे

ईसीसी८३: म्यू (व्हॉल्वचा स्वतःचा कमाल गेन) १००, आंतररोध ६० के च्या वर. २५० व्होल्ट एचटी, १०० के प्लेट, १.५ के कॅथोड, पुढे ४७० के, अशा जोडणीत गेन ५५ च्या आसपास. पेंटोड आउटपुट, कॅथोड-बायस आणि फीडबॅक असेल तिथे उत्तम. आणखी एक फास आहे: त्याचा स्वतःचा इनपुट कपॅसिटन्स वायरिंगसकट ११० पिकोफॅरडपर्यंत जातो. जुन्या रेडिओतला ५०० के चा पॉट त्याच्या आधी लावला तर मधल्या ठिकाणी सोर्स १२५ के चा होतो आणि साडेअकरा किलोहर्ट्झलाच ३ डेसिबल घट येते. तंबोऱ्याची जवारी तिथेच बोथट होते. १०० के चा पॉट लावा, हा आकडा ५८ किलोहर्ट्झवर जातो.

ईसीसी८२, म्हणजे १२एयू७: म्यू १७, २५० व्होल्ट आणि १०.५ मिलिअँपिअरवर आंतररोध ७.७ के. ४७ के प्लेट आणि २ के च्या आसपास कॅथोड रेझिस्टन्सवर गेन १३ ते १४. ईएल८४ आणि ६व्ही६ साठी साधा, भरवशाचा पर्याय.

६एसएन७: म्यू २०, आंतररोध तोच ७.७ के, बेस ऑक्टल, हीटर ६.३ व्होल्टला ०.६ अँपिअर. ड्रायव्हर म्हणून पहिली पसंती हीच असावी. त्याची वक्ररेषा सरळ आहे आणि मोठा स्विंग तो सहज देतो. ३०० व्होल्ट एचटी, ४७ के प्लेट, १.५ के कॅथोड, त्यावर १०० मायक्रोफॅरड: करंट सव्वातीन मिलिअँपिअर, कॅथोडला ५ व्होल्टच्या आसपास, प्लेटला १४५ ते १५५, गेन १६. सीडी प्लेयरच्या २.८ पीकला १६ ने गुणले की ४५, नेमकी २ए३ ची मागणी. म्हणजे २ए३ च्या आधी ६एसएन७ चा एकच भाग काठावर पुरतो. मोबाईल जोडायचा तर दुसरा भाग त्याच्या आधी लावावा लागेल. कॅथोडवरचा कंडेन्सर काढला तर गेन दहावर येतो आणि आउटपुट रोध वाढून २२ के होतो. ‘विकृती कमी होते’ म्हणून तो काढणारे हा दुसरा परिणाम लक्षात घेत नाहीत.

६एसएल७ दिसायला ६एसएन७ चा भाऊ, स्वभावाने ईसीसी८३ चा. म्यू ७०, आंतररोध ४४ के. पहिल्या स्टेजला ठीक, ३००बी ओढायला नाही. पिना त्याच असल्याने चुकून एकमेकांच्या जागी बसवले जातात. काही जळत नाही, पण बायस पूर्ण चुकतो.

ईसीसी८१ चा म्यू ६० आणि करंटही भरपूर, म्हणून मोह होतो. मूळ तो रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठीचा. मोठ्या स्विंगला त्याची विकृती ६एसएन७ पेक्षा स्पष्ट जास्त. दुसरे काहीच नसेल तेव्हा वापरा. ईसीसी८८ चा म्यू ३३, पण प्लेटला कमाल १३० व्होल्ट. ईएल८४ पुरता चालेल, ४५ व्होल्ट पीक मागू नका. त्याच्या ग्रिडच्या पिनेलाच चिकटून २२० ते ४७० ओहमचा रेझिस्टन्स लावा, नाहीतर तो टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीवर गुपचूप ओरडत बसतो. ओळखायची खूण: हात जवळ नेला की कॅथोडचे व्होल्टेज हलते.

रेडिओतून काढलेले व्हॉल्व फेकू नका. ईसीएल८६ मधला ट्रायोड म्हणजे जवळजवळ अर्धा ईसीसी८३. ईसीएल८२ मधल्याचा म्यू ७०. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या छापाचे व्हॉल्व आपल्याकडच्या रेडिओंत बरेच सापडतात. चाचणीला उतरले तर त्यांच्यात काही खोट नाही. मात्र ईएफ८९ आणि ईएफ८५ ऑडिओला घेऊ नका. ते व्हेरिएबल-म्यू आहेत, एजीसीसाठी (रेडिओचा गेन आपोआप सावरण्यासाठी) मुद्दाम वाकड्या वक्ररेषेचे. सिग्नल वाढला की विकृती चढते. ईएफ८० आणि ईएफ८६ त्या जातीचे नाहीत, ते चालतात.

रशियन नावे आणि पिना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, बंगळूरच्या एस. पी. रोडवरून किंवा कुरिअरने मागवलेल्या मालात रशियन व्हॉल्व असू शकतात. काचेवर ६ एच ८ सी असे दिसले तर ती रशियन अक्षरे आहेत. वाचायचे ६एन८एस, म्हणजेच ६एसएन७. तसेच ६एन९एस म्हणजे ६एसएल७, ६पी१४पी म्हणजे ईएल८४.

६एन२पी चा म्यू ईसीसी८३ च्या जवळ आणि ६एन१पी चा ३५. दोन्ही नऊ पिनी, ट्रायोडच्या पिनाही जुळतात, पण हीटर वेगळा. ईसीसी८३ ला ६.३ व्होल्टवर चालवताना ४ आणि ५ एकत्र जोडून एक टोक आणि ९ हे दुसरे टोक. ६एन१पी, ६एन२पी आणि ईसीसी८८ ला हीटर ४ व ५ मध्येच, आणि ९ म्हणजे आतला पडदा. ईसीसी८३ च्या ६.३ व्होल्टच्या बेसमध्ये ६एन२पी बसवला तर नुसता पेटत नाही. १२.६ व्होल्टच्या जोडणीत बसवला तर दुप्पट व्होल्टेज मिळून क्षणात जातो. ६एन१पी चा हीटर ०.६ अँपिअर घेतो, ईसीसी८३ चा ०.३. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला देण्याआधीच हे ठरवा.

एसआरपीपी (एकावर एक रचलेले दोन ट्रायोड) किंवा कॅथोड फॉलोअर (कॅथोडवरून आउटपुट घेणारी स्टेज) बांधत असाल तर वरच्या व्हॉल्वचा किंवा फॉलोअरचा कॅथोड १००-१५० व्होल्टवर तरंगतो. हीटर आणि कॅथोड यांच्यातली सहनशक्ती व्हॉल्वनुसार ९० ते २०० व्होल्ट. म्हणून हीटरच्या मध्यबिंदूला थोडे पॉझिटिव्ह द्या: २५० व्होल्ट एचटीवरून २२० के आणि ४७ के चा डिव्हायडर केला की ४४ व्होल्ट मिळतात. ४७ के वर २२ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टी कंडेन्सर टाका. याने हमही उतरतो.

लाईनचे व्होल्टेज

चिकोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यात पंपसेट सुरू झाले की २३० चे १९० होणे नवीन नाही. १९० ला ६.३ व्होल्टचा हीटर ५.२ वर येतो आणि एचटीही त्याच प्रमाणात. हीटरला दहा टक्क्यांची सूट धरतात, म्हणजे लाईन २०७ ते २५३. त्याबाहेर जात असेल तर स्टॅबिलायझर लावा, आणि ड्रायव्हरच्या स्विंगचे गणित एचटी वीस टक्के कमी धरून पुन्हा एकदा करा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोजमाप घेऊ नका: त्याच्या लहरीचा पीक कमी असल्याने एचटी उतरते, हीटर मात्र ठीक दिसतो, आणि नसलेला दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

बसवून मोजताना

एचटी जीव घेऊ शकते. फिल्टर कंडेन्सरवर २२० के, २ वॅटचा ब्लीडर (चार्ज उतरवणारा रेझिस्टन्स) कायमचा जोडा; ४७ मायक्रोफॅरड असेल तर बंद केल्यावर मिनिटभर थांबा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करा आणि मगच हात घाला. मोजताना एक हात खिशात.

कपलिंग कंडेन्सर (ड्रायव्हरची प्लेट आणि पुढचा ग्रिड यांच्यामधला) ६३० व्होल्टचा घ्या. डायोडने एचटी लगेच उभी राहते आणि व्हॉल्व तापेपर्यंत पूर्ण व्होल्टेज त्या कंडेन्सरवर असते. त्याचे मायक्रोफॅरड ग्रिड रेझिस्टन्सवरून ठरवा: ४७० के ला ०.१ मायक्रोफॅरड पुरतो, खालची मर्यादा ३.४ हर्ट्झ येते; १०० के ला तोच १६ हर्ट्झ देतो, म्हणून ०.२२ घ्या.

पहिल्यांदा सिरीज बोर्डवर ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावून सुरू करा. बल्ब भगभगून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. तसे नसेल तर थेट लाईनवर घ्या, पाच मिनिटे तापू द्या आणि कॅथोड मोजा. ईसीसी८३ ला १.५ के वर १.२ ते १.४ व्होल्ट आणि प्लेटला १६० ते १७० आले की जोडणी बरोबर. कॅथोड शून्य आणि प्लेट पूर्ण एचटीवर: व्हॉल्व वाहतच नाही, हीटर बघा. कॅथोड शून्य पण प्लेट फार खाली: कॅथोडचा कंडेन्सर शॉर्ट. कॅथोड भलताच वर आणि प्लेटही वर: कॅथोडचा रेझिस्टन्स उघडा पडलाय. एकाच व्हॉल्वच्या दोन भागांत, सारख्याच रेझिस्टन्सवर, कॅथोडचा फरक वीस टक्क्यांच्या वर असेल तर तो स्टिरिओला नको.

मग आउटपुट व्हॉल्वचा ग्रिड. कॅथोड-बायसमध्ये तिथे शून्य हवे. ४७० के वर अर्धा व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तर एक मायक्रोअँपिअर कुठून तरी येतोय. बंद करा, आउटपुट व्हॉल्व उपटा, पुन्हा सुरू करून मोजा. अजूनही पॉझिटिव्ह असेल तर कपलिंग कंडेन्सर गळतोय. शून्य झाले तर व्हॉल्वमध्येच वायू आहे. जुने कागदी कंडेन्सर आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास गळतात, रेडिओतून काढलेला एकही परत वापरू नका. खानापूरकडच्या दमट हवेत जुने बॅकेलाइटचे बेससुद्धा गळतात; प्लेट आणि ग्रिडच्या पिना शेजारी असतील तर सिरॅमिकचा बेस लावा.

शेवटी आवाजाचे बटण निम्म्यावर ठेवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने प्रत्येक व्हॉल्ववर टिचकी मारा. हलका ‘टुक्’ चालतो. घंटेसारखा घुमत राहिला तर तो व्हॉल्व पहिल्या स्टेजमधून काढून पुढच्या स्टेजला टाका. तिथे त्याच्यामागे गेन कमी असतो आणि तो गप्प बसतो.